मंगफच्या समुद्रात धुतलेली टोपी

कुवेतला जाऊन आलेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. ऊन किती होतं, आणि खजूर आणलेत का? खजूर आणलेत. ऊन नव्हतं, कारण मी जानेवारीत गेले होते आणि तिथल्या जानेवारीत चक्क शाल लागते. जरा शिकलेली माणसं तिसरा प्रश्न विचारतात, वाळवंट कसं होतं? वाळवंट मी विमानाच्या खिडकीतून पाहिलं, भाजलेल्या रव्याच्या रंगाचं. खाली उतरल्यावर पाहिलं ते पेरू देशातल्या डोंगरावरचं एक सुतक. पेरू म्हणजे फळ नव्हे, देश. कुवेतमध्ये बसून पेरूचं सुतक कसं पाहिलं आणि त्यात माझं काय झालं, ते मलाच अजून धड उमगलेलं नाही. तरी सांगते. तुम्हाला उमगलं तर एक पोस्टकार्ड टाका.

मी कराडची. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. माझा नवरा विलास आणि मी, दोघांनी नोकऱ्या सांभाळून आयुष्यभर गावोगाव अंधश्रद्धेविरुद्ध कार्यक्रम केले. तो गेला त्याला चौदा महिने झाले. त्याच्या इच्छेप्रमाणे देहदान केलं. दहावा नाही, तेरावा नाही, कावळ्याची वाट बघणं नाही. भाऊबंदांनी बोटं मोडली, मोडू देत. पण आमची एकुलती एक मुलगी अनुजा तेव्हा कुवेतमध्ये होती. ती तिसऱ्या दिवशी पोचली, आणि तेव्हापासून ती माझ्याशी बोलते खरी, पण बोलत नाही. रोज व्हिडिओ कॉल. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, ठेवू का? बापाचं नाव म्हणून तोंडातून निघत नाही. पोरीच्या मनात काय साचलंय ते समोर बसून काढायचं, एवढ्या एका इराद्याने मी तिकीट काढलं. प्रवासवर्णन वगैरे सगळं नंतरचं.

मंगफ

अनू आणि आमचे जावई हेमंत मंगफला राहतात, कुवेत सिटीच्या दक्षिणेला, समुद्राच्या काठी, सातव्या मजल्यावर. एका अंगाला समुद्र आणि त्यात उभी राहिलेली जहाजं, दुसऱ्या अंगाला गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्या, आणि लांब दक्षिणेला रिफायनरीच्या चिमणीवरची ज्योत. हेमंत तिथेच, मीना अब्दुल्लाला इंजिनिअर आहेत. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. अनूचं ऑफिस कुवेत सिटीत. ती सकाळी साडेसहाला मोटार काढते. मग घरात मी आणि एसीची घरघर.

तीन वर्षांपूर्वी विलास आणि मी दोघं आलो होतो. तो लिफ्टमध्ये भेटेल त्याच्याशी हिंदीत बोलायचा, समोरचा फिलिपिनो असो की मिसरी. आता मी एकटी, आणि माझा स्वभाव तसा नाही. दुसऱ्या दिवशी जमइयात गेले, म्हणजे इथलं सहकारी भांडार. कोथिंबिरीची टवटवीत जुडी पाहून हुरळले, घरी आणून वड्या थापल्या, तळल्या. हेमंतांनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली आणि पाणी प्यायले. मग अनूने खाल्ली. "आई, ही पार्सली आहे." जावई खरंच चांगला आहे, तोपर्यंत एक शब्द बोलला नव्हता.

इमारतीच्या खाली रफिकभाईंचा बकाला आहे. बकाला म्हणजे किराणा दुकान. रफिकभाई मंडणगडकडचे. सव्वीस वर्षांपूर्वी आले तेव्हा जलीबला, कामगारांच्या वस्तीत, एका खोलीत बाराजण राहायचे, पाळीपाळीने झोपायचे, असं ते अगदी मजेत सांगतात. पार्सलीची गोष्ट ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "बाई, आपलं माणूस खाली बसलेलं आहे नि तुम्ही जमइयात जाताय? पाप लागेल तुम्हाला!" मी म्हटलं, मी पापपुण्य मानत नाही. "मग अजीर्ण लागेल," ते म्हणाले.

तीन दिवस असे गेले. अनू संध्याकाळी यायची, हसायची, मला समुद्रावर फिरवून आणायची. विषय काढायचा म्हणून मी एकदा म्हटलं, "तुझ्या बाबाला हा वारा फार आवडला असता." ती म्हणाली, "हो. कान झाक, सर्दी होईल." संपला विषय.

सोमवार, समोरचा दरवाजा

सोमवारी संध्याकाळी अनू आली ती चपला न काढताच म्हणाली, "आई, नेलीचे वडील गेले. चल."

नेली म्हणजे समोरच्या फ्लॅटमधली बाई. चाळिशीची, ठेंगणी, भक्कम, पाठीवर जाड वेणी. पहिल्या दिवशी तिला लिफ्टमध्ये पाहून मला वाटलं, ही आपल्या पाटणकडची कुणीतरी. ती निघाली पेरूमधल्या कुस्को शहराच्या वरच्या एका खेड्यातली. घरात त्यांची केचुआ भाषा, बाहेर स्पॅनिश. नवरा हेमंतांच्या रिफायनरीत वेल्डिंग तपासायला असतो. अनूचं आणि तिचं चांगलंच सूत जमलेलं. त्या दोघींचं इंग्रजी मला निम्मं कळायचं, उरलेलं अनू मराठीत सांगायची.

मी घाईघाईने पिठलं आणि भात केला आणि घेऊन गेले. शेजारी माणूस गेलं की त्या घरात बाहेरून जेवण जातं, ही अंधश्रद्धा नव्हे, शेजारधर्म. नेली रडत नव्हती. मांडीवर एक लोकरीची टोपी घेऊन बसली होती. लाल-जांभळी, कान झाकणारी, दोन्ही टोकांना गोंडे. ती पहिल्यांदा देश सोडून निघाली तेव्हा बापाने स्वतःच्या डोक्यावरची काढून तिला दिली होती. आता जायचं म्हटलं तर तीन विमानं आणि पुढे डोंगरातली गाडी. पोचेपर्यंत माती उरकलेली असणार. म्हणून ती जाणार नव्हती. पण पाचव्या दिवसाचं काय, हा तिला घोर लागला होता.

"पाचव्या दिवशी त्याचे कपडे नदीवर धुवायचे," ती म्हणाली. "घरच्यांनी नाही. बाहेरच्या कुणीतरी, वयाने मोठ्या माणसाने. घरचे रडत रडत धुतात, मग जाणारा अडकून राहतो. आणि त्या रात्री उंबऱ्याशी पीठ पसरायचं. जिथे जिथे तो आयुष्यात चालला तिथे तो येतो, आपली पावलं गोळा करून नेतो. सकाळी पिठात दिसतं."

"अगं बाई!" माझ्या तोंडून निघालं.

कारण हे पीठ माझ्या ओळखीचं होतं. आमच्याकडे माणूस गेलं की दिव्याखाली पीठ पसरून वर टोपली झाकतात आणि सकाळी कसलं पाऊल उमटलंय ते बघतात. पक्ष्याचं, गाईचं, की माणसाचं? त्यावरून म्हणे गेलेला कुठल्या जन्माला गेला ते कळतं. माझा कार्यक्रमातला हुकमी प्रयोगच तो होता. मी पोरांपुढे पीठ पसरायचे, टोपली झाकायचे, आत हळूच एक झुरळ सोडायचे. थोड्या वेळाने टोपली उचलून म्हणायचे, "हे बघा, आजोबा आले!" पोरं हसून हसून लोळायची. आणि इथे, समुद्र ओलांडून अर्ध्या पृथ्वीपलीकडची बाई मला गंभीरपणे तेच पीठ सांगत होती. आमच्या कोयनेकाठचं पीठ त्या डोंगरात कुणी नेलं? की तिकडचं इकडे आलं? की माणूस गेलं की कुठल्याही बाईचा हात आपोआप पिठाच्या डब्याकडे जातो? मी तिथेच गोंधळले, ती आजतागायत गोंधळलेलीच आहे.

तेवढ्यात अनू मराठीतून इंग्रजीत वळली आणि म्हणाली, "आई धुवेल."

घरी येऊन दार लावलं आणि मी सुरू झाले. "मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू भाषण दिलं असतंस."

"भाषण नव्हे. कारण दिलं असतं."

"तिला कारण नकोय आई. हात हवेत."

मी म्हटलं, उद्या ती म्हणेल कोंबडं काप, तर कापू का? अनू पिठल्याची कढई घासायला लागली, इतकी जोरात की माझं मलाच ऐकू येईना.

गुरुवार, तीन पानं

गुरुवारी तयारी. नेलीला कोकाची पानं हवी होती. तिच्या गावात पानांशिवाय काही होत नाही, लग्न नाही, पेरणी नाही, मरण नाही. पण ती पानं कुवेतला आणली तर विमानतळावरूनच तुरुंग. मक्याची आंबवलेली पेज हवी, तीही दारूच, म्हणजे तुरुंगच. आम्ही तिघी रफिकभाईंच्या बकाल्यात उभ्या राहिलो. सगळं ऐकून ते म्हणाले, "पानं अशी शाबूत पायजेत, हाय ना? मग तमालपत्र घ्या." पेजेच्या जागी त्यांनी बिनदारूच्या बार्लीच्या दोन बाटल्या दिल्या. पीठ म्हणून तांदळाचं. "आमच्यात असलं चालत नाय बाई," ते हळूच मला म्हणाले, "पण पोरीचा बाप गेलाय. पिठाला कुठे जात असते?"

नेलीच्या घरी जेवण होतं, बापाच्या आवडीचं. वाटीत काळे सुरकुतलेले खडे तरंगत होते. मला वाटलं हिरडेच. ते बटाटे. डोंगरावरच्या रात्रीत गोठवायचे, सकाळी पायांनी तुडवून पाणी काढायचं, वाळवायचे, मग वर्षानुवर्षं टिकतात. भावाने पाठवलेल्या पिशवीतले शेवटचे. चव मातीची आणि थोडी चीजची, वाईट नाही. भाजलेले मक्याचे दाणे मात्र आपल्यासारखेच, मी दोन मुठी खाल्ले.

मग तिने तमालपत्राची तीन पानं पंख्यासारखी बोटांत धरली, त्यांच्यावर फुंकर घातली आणि तिच्या गावच्या डोंगराचं नाव घेतलं. बार्लीचे दोन थेंब बाल्कनीतल्या कुंडीत सांडले. पहिला घोट जमिनीला, पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला. माझे वडील जेवायला बसताना ताटाभोवती पाणी फिरवून चार शितं बाजूला काढायचे, ते आठवलं आणि मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. भिंतीवर क्रूस होता.

मला राहवेना. मी अनूला विचारायला लावलं, "तुम्ही ख्रिस्ती ना? मग हे काय?"

नेली हसली. म्हणाली, "दोन्ही. पाद्र्यांनी हे बंद पाडलं होतं. सैतानाची पूजा म्हणायचे, चाबकाने मारायचे. माझ्या पणजोबांनी तरी केलं, मेणबत्तीच्या आडोशाने. आता कुणी मारत नाही. आता शहरातली हॉटेलं पर्यटकांना पैसे घेऊन हे करून दाखवतात. तेही फोटोपुरतं. फोटोला मेलेलं माणूस लागत नाही." मग ती म्हणाली, "आमच्या डोंगरावरचा बर्फ दरवर्षी कमी होतोय. भाऊ म्हणतो, डोंगराशी बोलणं बंद केलं तर तो वितळतोय हेसुद्धा कुणाच्या लक्षात येणार नाही. ते मला कळतं. पण मला आज डोंगराचं नाही पडलेलं. तायता ह्या देशात कधी चालले नाहीत. इथे त्यांची पावलंच नाहीत. ते येतील कशाला?" तायता म्हणजे बाप.

हे ऐकताना पाद्र्यांचा मला राग आला, सरळ आला. आणि लगेच वाटलं, बाई गं, तू कोण? तूही आयुष्यभर लोकांच्या टोपल्या उचलून आत झुरळं दाखवलीस. पण मग माझी आई आठवली. एकतीस वर्षांची होती, माझे वडील गेले तेव्हा. दहाव्याला घाटावर चार बायकांनी तिचा हात धरून दगडावर बांगड्या फोडल्या, मनगटातून रक्त आलं, आणि सगळं झाल्यावर भटजी दक्षिणा घेऊन गेला. ते मी पाहिलंय. म्हणूनच विलासच्या वेळी मी कुणाला दारात उभं केलं नाही, आणि त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. मग नेलीची तीन पानं बघताना मी उठून का गेले नाही? ही रीत तिच्यावर कुणी लादली नव्हती, उलट तिच्या माणसांकडून हिसकावून घेतली होती, म्हणून? मी ह्या विचाराची टोकं जुळवायचा पुष्कळ प्रयत्न केला. जुळली नाहीत.

शुक्रवार, समुद्र

शुक्रवार म्हणजे इथला रविवार. नदी नव्हती, समुद्र होता. दहाच्या सुमारास आम्ही तिघी मंगफच्या किनाऱ्यावर गेलो. हेमंत रात्रपाळी करून झोपलेले, नेलीचा नवरा कामावर. वाळूत सतरंज्या, थर्मास, पोरंबाळं, भाजक्या मांसाचा धूर. कुवेती कुटुंबं सकाळपासून ठाण मांडून बसलेली.

मी साडी खोचली, गुडघाभर पाण्यात गेले आणि टोपी भिजवली. धुणं म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. कडेला एक खडक होता. मी टोपी पिळली, वर उचलली आणि घातली दाणकन खडकावर. नेली किंचाळली. दुसरा तडाखा द्यायच्या आत धावत येऊन तिने माझं मनगट धरलं. "नो, नो! सेन्योरा! त्यांचं डोकं!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्या बाईच्या बापाचं डोकं मी खडकावर आपटत होते. त्यांच्याकडे कपडा पाण्यात धरायचा आणि प्रवाहाला धुऊ द्यायचा, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आपण आपटतो, म्हणून जग आपटत असेल असं मी धरून चालले. मग मी माफी मागितली आणि टोपी दोन्ही हातांत लहान पोराच्या डोक्यासारखी धरली. लाट यायची, गोंडे वर तरंगायचे, लाट जायची. नेली वाळूवर बसून पाहत होती. रडत नव्हती, ओठ आवळून धरले होते. कितीतरी वेळ मी तशी उभी होते. पाय बधिर झाले.

शेजारच्या सतरंजीवरून काळ्या पायघोळ अबायातली एक म्हातारी उठून आली. काय चाललंय, असं हातानेच विचारलं. नेलीने टोपीकडे बोट दाखवलं, आकाशाकडे दाखवलं, म्हणाली, "पापा." म्हातारी अरबीत दोन शब्द पुटपुटली, म्हणजे देव त्यांच्यावर दया करो, आणि आम्हा तिघींना तळहाताएवढ्या पेल्यांतून वेलदोड्याची कडू कॉफी आणि खजूर दिले. कुणी कुणाच्या देवाची चौकशी केली नाही.

मी ओल्या पायाने वर येत होते तेव्हा अनूने पिशवीतून काहीतरी काढलं आणि नेलीच्या मांडीवर ठेवलं. विलासचा स्वेटर. राखाडी, बिनबाह्यांचा, मी विणलेला. मागच्या खेपेला तो इथे विसरला होता आणि मीच म्हटलं होतं की राहू दे, पुढच्या वेळी लागेल.

"हा तू धुशील?" अनू तिला म्हणाली. "आम्ही घरचे आहोत."

"हा इथे होता?" मी विचारलं.

"माझ्या कपाटात. चौदा महिने." आणि मग ती माझ्याकडे वळली, आणि जे काढायला मी एवढं अंतर कापून आले होते ते त्या किनाऱ्यावर निघालं. "तुला फोन केला होता मी आई. म्हटलं होतं, मी निघालेय, थांब. तू म्हणालीस, कॉलेजला सहा-सात तासांच्या आत न्यावं लागतं, थांबता येत नाही. मी आले तेव्हा घरात काय होतं? तू पेपर वाचत होतीस. त्याची खाट आवरलेली. मला म्हणालीस, चहा घे. बाबा कुठे आहेत असं विचारायला जागाच ठेवली नव्हतीस तू."

"त्याचीच इच्छा होती गं. वेळ गेली असती तर उपयोग..."

"मला माहीत आहे. सगळं बरोबर होतं. तुझं सगळं नेहमी बरोबरच असतं." तिचा आवाज फाटला. "तू रडलीससुद्धा नाहीस. मी कुणाच्या गळ्यात पडायचं होतं?"

जी बाई भर सभेत बुवा-बाबांना निरुत्तर करायची, ती पायाची वाळू झटकत बसली. नेलीला मराठी कळत नव्हतं. तिने स्वेटर उचलला, परकर गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि पाण्यात गेली, आणि माझ्या नवऱ्याचा स्वेटर दोन्ही हातांनी समुद्रात धरून उभी राहिली.

पीठ

संध्याकाळी नेलीने तिच्या उंबऱ्याशी तांदळाचं पीठ पसरलं. उरलेलं अर्धं अनू घेऊन आली. "मी आपल्याकडेही पसरणार आहे," ती म्हणाली. "तुला हसायचं असेल तर खोलीत जाऊन हस. बाबा ह्या घरात चालले होते. त्यांची पावलं इथे आहेत."

मी हसले नाही. हॉलमधून बाल्कनीत जायच्या दाराशी तिने चाळणीने पीठ चाळलं, वीतभर रुंद पट्टा, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून एसी बंद केला. मागच्या खेपेला विलास सकाळी बिनसाखरेचा चहा घेऊन त्या बाल्कनीत जहाजं मोजत बसायचा. माझ्या डोक्यात सगळी उत्तरं तयार होती: मुंगी, पाल, फटीतला वारा. एकही तोंडाबाहेर काढलं नाही. हेमंत रात्रपाळीला गेले. आम्ही दोघी जेवलो आणि झोपलो. मी नुसतीच पडून होते. पिठात काही उमटलं नाही तर ह्या पोरीचं काय होईल, ह्याची मला भीती वाटत होती. आणि उमटलं तर माझं काय होईल, ह्याचीही.

शनिवार, सकाळ

पहाटे कधीतरी डोळा लागला असावा. जाग आली ती नेहमीच्या सवयीने. उजाडत होतं. डोकं जड झालं होतं. मी उठले, आलं ठेचलं, चहा टाकला, गाळला, आणि हातात घेऊन बाल्कनीकडे निघाले. दारात पाय टाकला तर तळव्याला काहीतरी मऊ, गार लागलं.

पीठ! मी एका पायावर थबकले. खाली माझ्या उजव्या पायाचा ठसा, पाची बोटांसकट, पुस्तकातल्या आकृतीसारखा स्वच्छ. पुसून टाकावा? मग ती विचारेल, रात्री काही उमटलं होतं का, आणि मला खोटं बोलावं लागेल. तसाच ठेवावा? तेही खोटंच. चौतीस वर्षांत मी कधी पुरावा बिघडवला नव्हता.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. अनू माझ्या आधीच उठून नेलीकडे जाऊन आली होती. "तिच्या पिठात काहीच नाही," ती सांगत आत आली. "मी घाबरले होते, पण ती हसली. म्हणते, तायता डोंगर सोडून कशाला येतील, तेच बरोबर आहे. तिकडे अजून रात्रच आहे, तरी भावाच्या उंबऱ्यावर उमटलंय म्हणे, त्याने फोटो..." आणि तिला आमचं पीठ दिसलं.

ती खाली बसली. ठशाकडे बघत राहिली. मी म्हटलं, "अनू, तो माझा पाय आहे. मी विसरले. चुकून पडला."

"कळतंय मला," ती म्हणाली. "पांढरा पाय घेऊन समोर उभी आहेस." आणि वर माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिली. "आई, बशी कुणाला?"

मी हातांकडे पाहिलं. दोन्ही हातांत चहा होता. एका हातात माझा कप. दुसऱ्यात कप आणि त्याच्याखाली लहान प्लेट, कारण त्या घरात बशा नाहीत, आणि झोपेत मी कपाटं उघडून काहीतरी खोलगट शोधलं असणार. आमच्या घरात बशीने चहा पिणारा माणूस एकच होता.

मी तिथेच पिठात बसले, ठशावरच, आणि रडायला लागले, मोठ्याने, भोकाड पसरून, चौदा महिन्यांचं. अनूने माझ्या हातातून कप काढून घेतले, जवळ सरकली आणि माझ्या गळ्यात पडली. मग तिने डोळे पुसले, प्लेटमध्ये चहा ओतला आणि एक घोट घेतला.

"शी, बिनसाखरेचा," ती म्हणाली, आणि सगळा प्यायली.